फिशटँकमध्ये नदीकाठासारखं बॅकग्राउंड घरी कसं करावं? थर्माकोल आणि सिमेंट माशांना चालतं का?

नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मागच्या काचेवरचा निळा छापील कागद काढून टाकायचाय आणि तिथे नदीच्या काठासारखं बॅकग्राउंड स्वतःच्या हाताने करायचंय. थर्माकोलवर सिमेंट लावलं तर मासे मरतील का, आणि एकूण किती दिवस लागतील?

सिमेंट नीट पिकू दिलं आणि त्यातला चुना धुऊन काढला तर मासे मरत नाहीत. दिवस म्हणाल तर दोन महिने धरा. त्यातलं हाताचं काम चार-पाच सुट्ट्यांचं, बाकी सगळं वाळण्याचं आणि भिजण्याचं. मी अशी तीन बॅकग्राउंड केली आहेत. पहिलं उखडलं. दुसरं टिकलं, पण काठासारखं दिसलं नाही. तिसरं गेली चार वर्षं टाकीत आहे. सिमेंटकडे येण्याआधी त्या दुसऱ्याबद्दल सांगतो, कारण मेहनत खरी तिथे वाया जाते.

दुसरं मी फोटो बघून केलं होतं. हात बसला होता, काम सुबक झालं, पण शेवटी ती दगडी भिंतच झाली. माती, दगड, मुळं सगळं होतं आणि तरी नदी नव्हती. का ते मला वेण्णा नदीच्या काठावर बसल्यावर कळलं. काठ खालून पोखरलेला असतो. पाण्याने आधी पाया खाल्लेला असतो आणि वरचा भाग पुढे झुकून लोंबत असतो. त्या पोकळीत सावली असते, आणि आपल्या डोळ्याला काठ ओळखू येतो तो त्या सावलीमुळे.

माझं आजोळ मेढ्याजवळ, वेण्णा नदीच्या काठी. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते, मेढ्यावरून कण्हेर धरणात येते आणि पुढे साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. चैत्र-वैशाखात पाणी उतरलं की पावसाळ्यात नदीने खाल्लेला काठ उघडा पडतो. तिसऱ्या वेळी मी वही आणि टेप घेऊन एका वळणावर दोन तास बसलो. नदी वळते तिथे बाहेरच्या अंगाचा काठ बघायचा, कारण धार त्याच बाजूला आपटते. आतल्या अंगाला नुसता वाळूचा उतार असतो.

वरून खाली जे दिसलं ते तसंच लिहून घेतलं. सगळ्यात वर वीतभर तांबूस-काळी माती आणि तिच्यात गवताच्या मुळांचं जाळं, इतकं दाट की खालची माती झडून गेली तरी जाळं छपराच्या वळचणीसारखं पुढे आलेलं. त्याखाली हातभर पिवळसर मुरूम. मग गोट्यांचा एक पट्टा, लिंबापासून नारळाएवढे गोटे चिकणमातीत रुतलेले. त्यातले चपटे गोटे एकमेकांवर रेलून सगळे एकाच दिशेला कललेले होते, फळीवर पुस्तकं कलतात तसे. वाहत्या पाण्याने लावून दिलेली रांग असते ती. सगळ्यात खाली काळा कातळ, आणि गोटे व कातळ यांच्यामध्ये कपार. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. कपारीच्या तोंडावर उंबराची मुळं लोंबत होती, वर अंगठ्याएवढी जाड, पाण्यात शिरताना केसांसारखी बारीक, टोकं तांबूस. त्या केसांच्या मागे अंधारात बोटाएवढे मासे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी उभे होते. माझी सावली पाण्यावर पडली की सगळे आत, सावली हटली की पुन्हा बाहेर.

तुम्ही राहता तिथे जवळ जो ओढा किंवा नदी असेल ती बघा. कोकणात असाल तर काठ जांभ्याचा मिळेल, छिद्राछिद्रांचा आणि तांबडा. त्याचं बॅकग्राउंड वेगळं होईल आणि तेही सुंदर होईल. फक्त जांभ्याची माती आणि देशावरचा काळा कातळ एकाच टाकीत घालू नका.

आता तुमच्या टाकीपुरतं. दीड फूट उंचीत अख्खा काठ बसवायला गेलात तर तो खेळण्यातला दिसेल. माप लहान करू नका, काठाचा तुकडा निवडा. गोट्यांचा पट्टा, कपार आणि कातळ एवढंच घ्या. वरच्या मातीचा फक्त पुढे आलेला ओठ पाण्याच्या पातळीला ठेवा. कपारीचं तोंड ५ ते ६ इंच उंच, खोली ४ ते ५ इंच. तुमची टाकी १८ इंच रुंद आहे, त्यामुळे वरचा ओठ ६ इंच पुढे आला तरी माशांना समोर फूटभर मोकळं पाणी उरतं. आणि कपार टाकीभर सारखी नको. डावीकडच्या तिसऱ्या हिश्शात ती सगळ्यात खोल करा, उजवीकडे हळूहळू उथळ करत नेऊन काठ गाळाच्या उतारात संपू द्या. कातळाला कुठेही धारदार कोपरा ठेवू नका. कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे पाहिले असतील तर आठवा, पाण्यात फिरणाऱ्या दगडांनी तो कातळ कसा गोल कोरलाय. पाण्याखालचा बेसॉल्ट तसाच गुळगुळीत दिसायला हवा.

सामानाचं सांगतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं पांढरं थर्माकोल चालतं, पण ते दाणेदार असतं आणि कोरताना ढेकळं निघतात. शक्य असेल तर छताला उष्णता अडवण्यासाठी घालतात ती एक्सपीएस शीट आणा. ती घट्ट असते, सुरीने फळासारखी कापता येते. तीन-चार थर सिलिकॉनने एकमेकांना चिकटवून ठोकळा करायचा, आणि मग कटर, जुनी सुरी, तारेचा ब्रश यांनी कोरायचं. तापलेल्या तारेने कापणार असाल तर गच्चीवर कापा. जळणाऱ्या थर्माकोलचा धूर नाका-डोळ्यांना वाईट. थिनर किंवा अ‍ॅसिटोन या फोमजवळ आणू नका, फोम विरघळतो. कोरताना पडणारा चुरा खाली जुनी चादर अंथरून गोळा करा, नाहीतर तो वाऱ्याने गटारात आणि गटारातून त्याच नदीत जातो.

टाकीला वरून आडव्या काचेच्या पट्ट्या आहेत का ते कोरायला बसण्याआधी बघा. असतील तर बॅकग्राउंड दोन किंवा तीन तुकड्यांत करा, म्हणजे तिरकं करून आत घालता येईल. तुकड्यांचे सांधे सरळ उभे ठेवू नका. एखाद्या मुळाच्या किंवा गोट्याच्या कडेने फिरवून न्या, मग दिसत नाहीत. प्रत्येक टप्प्यानंतर टाकीत बसवून बघा. सिमेंटचे थर धरून प्रत्येक बाजूला अर्धा सेंटीमीटर जागा सोडा.

आता पहिलं बॅकग्राउंड का उखडलं ते. मी सिलिकॉनचे आठ-दहा ठिपके देऊन ते काचेला चिकटवलं होतं आणि तिसऱ्या दिवशी पाणी भरलं. रात्री सगळं सुटून वर आलं, फिल्टरचा पाईप निघाला, आणि सकाळी एक रोझी बार्ब त्याच्या आणि काचेच्या मध्ये अडकून मेलेला सापडला. तो मासा माझ्या घाईने गेला, आणि त्यानंतर मी हिशोब शिकलो. तुमचाच हिशोब करू. ३६ इंच लांब, १७ इंच उंच आणि सरासरी २ इंच जाड म्हणजे १२२४ घन इंच, सुमारे २० लिटर. एवढा फोम पाण्याखाली दाबला की पाणी त्याला २० किलोच्या जोराने वर ढकलतं, आणि फोमचं स्वतःचं वजन एक किलोही नसतं. सिमेंटचे थर सहाएक किलोचे होतील, पण पाण्यात त्यांचं वजनही जवळपास निम्मं होतं. म्हणजे काचेवरच्या सिलिकॉनला १५-१६ किलोची ओढ दिवसरात्र सोसायची आहे.

त्यावर उपाय आहेत. फोमची मागची बाजू अगदी सपाट ठेवा आणि तिला सिमेंट लागू देऊ नका. काच स्पिरिटने दोनदा पुसा, बोट लावू नका. सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेलं, फिशटँकसाठीच विकतात ते घ्या. न्हाणीघरासाठीचं अजिबात नको. ठिपक्यांऐवजी उभ्या रेघा ओढा, दोन-दोन इंचांवर, आणि चारी कडांनी एक सलग रेघ. हे सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने कडेकडून आत पिकत जातं, म्हणून कडेच्या रेघेत वरच्या बाजूला दोन जागा मोकळ्या सोडा आणि आठवड्याने त्या बंद करा. टाकी पाठीवर आडवी ठेवून बॅकग्राउंड बसवा, त्यावर जुने कपडे आणि कपड्यांवर वजन. दहा दिवस तशीच राहू द्या. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला की मगच पाणी.

सिमेंट मात्र चिकटवण्याच्या आधी, बाहेर लावायचं. कोरलेल्या फोमवर तारेच्या ब्रशने ओरखडे काढा. पहिला थर नुसत्या सिमेंटचा, धिरड्याच्या पिठाइतका पातळ, ब्रशने प्रत्येक खाचेत घुसवायचा. तो जाड लावला तर वाळल्यावर पापुद्रा सुटतो. दुसरा थर एक भाग सिमेंट, दोन भाग चाळलेली वाळू, भज्यांच्या पिठासारखा. तिसराही तसाच, फक्त त्यात रंग. प्रत्येक थरावर दोन दिवस ओला गोणपाट टाकून ठेवा. गवंडी स्लॅबवर पाणी मारत राहतो ते याच कारणाने. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाणी धरून घट्ट होतं. उन्हात ठेवलंत तर केसासारख्या भेगा पडतील.

रंग ऑक्साइडचे घ्या, जुन्या घरांच्या लाल कोब्याला घालायचे तेच. लाल, पिवळा आणि काळा एवढे तीन पुरतात. हे लोहाचे रंग आहेत, पाण्यात सुटत नाहीत. हिरवा घालू नका. हिरव्या-निळ्या रंगांत तांबं असू शकतं आणि तांब्याने झिंगे व गोगलगाई मरतात. हिरवा पुढे शेवाळ स्वतः देईल. रंग ओला असताना दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर बराच फिका पडतो आणि पाण्यात पुन्हा गडद होतो, म्हणून आधी एका फुटक्या फरशीवर नमुने लावून, वाळवून, बादलीत बुडवून बघा. तिसरा थर ओला असताना कपारीच्या आत काळा जास्त लावा, ओठाकडे मुरमाचा पिवळा. मग मातीच्या भागावर नदीची चाळलेली वाळू मुठीने मारा आणि हलक्या हाताने दाबा. गोटे खरेच लावा, निम्मे आत रुतवून, चपटे सगळे एकाच दिशेला कलवून. त्यांचं वजनही खालच्या बाजूला उपयोगी पडतं.

गोटे घेताना एक तपासणी. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक असतात. त्यातले काही झिओलाइट, ते निरुपद्रवी. काही कॅल्साइट, ते हळूहळू विरघळून पाणी जड करतात. पांढऱ्या भागावर लिंबाचा रस टाका. बारीक फेस आला तर तो गोटा बागेत ठेवा.

तुमच्या मुख्य काळजीकडे येतो. सिमेंट पाण्यात पिकताना त्यातून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप, चढतो. चढलेल्या पीएचमध्ये माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं विषारी रूप वाढतं, त्यामुळे दोन्हीकडून मार बसतो. माझ्या तिसऱ्या बॅकग्राउंडच्या पहिल्या भरणीला एका दिवसात चाचणी किटचा रंग पट्टीवरच्या शेवटच्या गडद घरात गेला होता. टाकी पूर्ण भरा, दोन दिवस ठेवा, सगळं पाणी काढा, पुन्हा भरा. मधल्या एका भरणीत कपभर पांढरं व्हिनेगर घाला, वरचा चुना लवकर सुटतो. ते पाणी झाडांना घालू नका. नुसता किटचा आकडा बघून ठरवू नका, कारण नळाचं पाणी गावागावात वेगळं. त्याच दिवशी त्याच नळाची एक बादली शेजारी भरून ठेवा. दोन दिवसांनी टाकी आणि बादली दोन्हीचा पीएच सारखा आला, आणि असं लागोपाठ दोनदा झालं, की सिमेंट शांत झालं. मला आठ भरण्या लागल्या. एवढं पाणी काढणं जिवावर येतं, पण हा टप्पा गाळू नका.

आता मुळं, ज्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. नदीकाठी करंज भरपूर, त्याची वाळलेली मुळंही सुंदर वळणांची मिळतात. ती टाकीत घालू नका. करंजाची मुळं आणि बिया मासे गुंगवायला पूर्वापार वापरल्या जातात. गेळाचं फळही तसंच, आणि शेराचा चीकसुद्धा. चीक असलेलं कुठलंही ताजं लाकूड नको, म्हणून उंबराचं मूळ मी फक्त बघून घेतलं, आणलं नाही. जाड मुळांसाठी जांभळाच्या वाळक्या फांद्या घेतल्या. जांभळाचं लाकूड पाण्यात दम धरतं हे जुने लोक सांगतात आणि माझ्या टाकीत ते खरं ठरलंय. साल सोलून, मोठ्या पातेल्यात तासभर उकळून, तीन आठवडे ड्रममध्ये भिजवलं. पाणी चहासारखं झालं तरी घाबरू नका, तो लाकडाचा तुरटपणा असतो, दर वेळी बदलत राहा. फांद्या ओठाच्या खालून आत खुपसायच्या आणि भोवतीचं सिमेंट नंतर भरायचं, म्हणजे त्या मातीतून निघाल्यासारख्या दिसतात. केसांसारख्या बारीक मुळांसाठी तपकिरी नायलॉन दोरी उसवली, धागे पिंजले, जांभळाच्या टोकांना सिलिकॉनने बसवले. सुतळी किंवा काथ्या वापरू नका, कुजतात. चार महिन्यांत धाग्यांवर शेवाळ चढलं आणि आता खरं मूळ कुठलं आणि धागा कुठला हे मलाच हात लावून बघावं लागतं. बार्ब जातीचे मासे अशाच बारीक गुंत्यात अंडी टाकतात. माझ्या रोझी बार्बनी पहिल्यांदा अंडी टाकली ती तिथेच.

फिल्टर आणि हीटरसाठी एका कोपऱ्यात बॅकग्राउंडमागे चार इंचांची जागा सोडा आणि तिच्या तोंडाशी प्लॅस्टिकची जाळी बसवा. बाकी मागची बाजू पूर्ण बंद हवी. अर्धवट फट सगळ्यात वाईट, तिथे पाणी सडतं आणि मासा अडकतो.

झाडं थोडीच लावा. ओठाच्या वर लॅगेनँड्रा मीबोल्डी, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. ती आपल्याच पश्चिम घाटातली. कातळाच्या पायथ्याशी क्रिप्टोकोरीन. कपारीत काहीही नको. दिवा पुढच्या बाजूला सरकवून लावा आणि कपार अंधारी राहू द्या.

मासे तुमच्या आवडीचे, पण एक विनंती. वेण्णेतूनच १९५३ साली मत्स्यशास्त्रज्ञ सायलस यांनी एका चिमुकल्या बार्बचं वर्णन केलं आणि त्याला सह्याद्रीचं नाव दिलं. २०२० साली त्याच्यासाठी वैखोमिया नावाचा नवा गट केला गेला, आज तो वैखोमिया सह्याद्रिएन्सिस. असे मासे घाटातल्या मोजक्या ओढ्यांतच आहेत. ते ओढ्यातून पकडून आणू नका आणि कुणी पकडलेले विकत घेऊ नका. टाकीत पैदास झालेले रोझी बार्ब, झेब्रा डॅनिओ अशा काठाला शोभतात आणि कपारीचा उपयोगही करतात. मळ्या मासा मात्र नदीवर गेलात की नक्की बघा, ओठांनी दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा. कर्नल साईक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांची यादी केली तेव्हा त्याचं मराठी नावच शास्त्रीय नावात घातलं, आणि आजही तो गारा मुल्ल्या आहे.

पाणी भरल्यावर पहिले दोन महिने सगळं नवंकोरं दिसेल आणि तुम्हाला वाटेल की रंग चुकला. हात लावू नका. आधी तपकिरी थर येईल, मग हिरवा, मग दोन्ही कमी-जास्त होत गोट्यांच्या मध्ये गाळ बसेल. घासायची ती फक्त पुढची काच.